मास्टर्सचं बघतोय

मराठीत 'बघणे' या क्रियापदाचा डोळ्यांशी फारसा संबंध उरलेला नाही. 'बघतो' म्हणजे मी करणार नाही, 'बघू' म्हणजे कोणीच करणार नाही, 'बघायला हवं' म्हणजे दुसऱ्या कुणीतरी करावं. 'मास्टर्सचं बघतोय' हे वाक्य याच घराण्यातलं. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेला मुलगा कुणाच्या तरी लग्नात बुफेच्या रांगेत उभा असतो, एका हातात ताट, दुसऱ्या हातात जिलबी उचलायचा चिमटा, आणि नेमके त्या क्षणी मागचे काका विचारतात, "मग, पुढे काय?" या प्रश्नाला 'माहीत नाही' हे खरं उत्तर आहे. पण ते देता येत नाही, कारण ते ऐकल्यावर काका ताट खाली ठेवतात आणि खुर्ची ओढून घेतात. 'मास्टर्सचं बघतोय' म्हटलं की "वा, छान!" म्हणून ते मठ्ठ्याकडे वळतात. वाक्यात विषय नाही, विद्यापीठ नाही, देश नाही, साल नाही, तरी ते भरलेलं वाटतं. काकांचं इतक्यात समाधान होण्याचं एक कारण असंही असावं की ते स्वतः गेली अकरा वर्षं 'बदलापूरला जागेचं बघतायत'.

याच मुलाच्या फोनमध्ये आणखी एक बघणं चालू असतं. त्या ग्रुपचं नाव 'काशीद फायनल'. (यात फायनल काही नसतं. त्यासाठी पुढे 'काशीद फायनल २' निघतो.) अलिबागहून मुरूडच्या रस्त्याला लागलं की रेवदंडा, साळावचा पूल, कोर्लई, बोर्ली असं करत तीसेक किलोमीटरवर काशीद येतं. तीनेक किलोमीटरची पांढुरकी वाळू, तिच्या मागे सुरूची झाडं, त्यांच्याही मागे फणसाडचं जंगल. मुंबई-पुण्याच्या पोरांनी नेमकं हेच गाव का धरलं, त्याचं उत्तर भूगोलात आहे. गोव्याला जायचं तर घरी विचारावं लागतं, आणि अलिबागला आईवडीलच जाऊन आलेले असतात. काशीद बरोबर मधे पडतं. उठून सहज जाता येणार नाही इतकं लांब, आणि जमणारच नाही असं म्हणता येऊ नये इतकं जवळ. चालढकलीचं पीक याच जमिनीत जोमानं येतं. मास्टर्सचंही तेच. शेजारच्या बिल्डिंगमधल्या मुलीने केलेलं असतं, म्हणजे अशक्य नाही, आणि अर्ज, परीक्षा, शिफारसपत्रं, पैसे असं सगळं मोजलं तर सोपंही नाही. माझं म्हणणं असं की या दोन प्लॅनचं घोडं एकाच जागी अडतं, आणि ती जागा एकदा नीट पाहिली तर पोरांना आपण उगाच बोलतो हे ध्यानात येईल.

घरातलं नेहमीचं निदान 'आळस' हे आहे. ते चूक आहे. आपल्या भाषेने या बाबतीत इतकी बारकाई केलेली आहे की सरसकट 'आळस' म्हटलं तर तिचा अपमान होतो. काम सुरू करून रेंगाळणं म्हणजे टंगळमंगळ, दुसऱ्याला आज-उद्या करत ठेवणं म्हणजे टाळाटाळ, सरकारने केली की दिरंगाई, आणि ज्याला काम करायचं आहे, जो त्याबद्दल दिवसभर बोलतो, रात्री त्याच्याच काळजीने जागतो आणि तरी करत नाही, त्याची ती चालढकल. आळशी माणूस सुखी असतो. चालढकल करणारा राबतो. त्याची एक्सेल शीट उघडून बघावी. चाळीस विद्यापीठं, प्रत्येकाची फी, राहण्याचा खर्च, हवामान, तिथून विमानतळ किती लांब, गुजराती दुकान आहे का, आणि शेवटी 'व्हाइब' नावाचा एक रकाना, त्याला दहापैकी गुण. हिरवा रंग म्हणजे नक्की, पिवळा म्हणजे बहुतेक, लाल म्हणजे नको. पूर्ण शीट पिवळी. एवढ्या मेहनतीत माणूस एक अर्ज भरून, छाननी होऊन, नकार पचवून मोकळा झाला असता. पिअर्स स्टील नावाच्या संशोधकाने २००७ साली या विषयावरचा सगळा अभ्यास एकत्र केला, तेव्हा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी ८० ते ९५ टक्के चालढकल करतात असे अंदाज त्यात सापडले. शंभरातले नव्वद करतात त्याला दोष म्हणत नाहीत, गणवेश म्हणतात.

आता घोडं अडतं कुठे ते पाहू. १९९२ साली एमॉस ट्वर्स्की आणि एल्डार शफीर या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. तो त्यांनी अमेरिकेत केला, पण काशीदसाठीच केल्यासारखा आहे. विद्यार्थ्यांना सांगितलं : समजा, तुम्ही नुकतीच एक अवघड परीक्षा दिली आहे, जीव दमलेला आहे, आणि हवाई बेटांवरची पाच दिवसांची सहल भलत्याच स्वस्तात मिळते आहे. सवलत उद्या संपते. घेणार? एका गटाला म्हटलं, तुम्ही पास झालात. त्यातल्या ५४ टक्के मुलांनी सहल घेतली. दुसऱ्याला म्हटलं, नापास झालात, दोनेक महिन्यांनी पुन्हा बसायचं आहे. त्यातल्या ५७ टक्क्यांनी घेतली. म्हणजे पास-नापास काहीही असो, निम्म्याहून अधिक मंडळी समुद्रावर. तिसऱ्या गटाला सांगितलं की निकाल परवा आहे. इथे सहल घेणारे ३२ टक्क्यांवर घसरले, आणि तब्बल ६१ टक्के मुलांनी वेगळीच गोष्ट केली : परत न मिळणारे पाच डॉलर भरून आजचा भाव निकालापर्यंत राखून ठेवला. निकाल काहीही लागला तरी जे आपण बहुधा करणारच आहोत, ते करण्याआधी निकाल कळावा म्हणून त्यांनी पदरचे पैसे मोजले.

या दोघांनी त्याचा जो उलगडा केला तो मला पटतो. पास झालो तर सहल ही शाबासकी, नापास झालो तर तीच सहल म्हणजे मन रमवणं. दोन्हीकडे कारण आहे. निकाल माहीत नसताना मात्र सहलीला कारणच नाही, आणि कारणाशिवाय पाऊल उचलत नाही. माणसाला हवी असते ती माहिती नसते, सबब असते. आता यात मराठी घर मिसळा. अमेरिकी मुलाला कारण स्वतःपुरतं लागतं. आपल्याकडे ते आईला सांगता यायला हवं, आईला ते मावशीला सांगता यायला हवं, आणि मावशीकडून ते बुफेच्या रांगेतल्या काकांपर्यंत न सांडता पोचायला हवं. 'मला प्राचीन नाणी आवडतात म्हणून नाणकशास्त्र शिकायचं आहे' हे कारण खरं असेल, पण ते मावशीच्या पुढे टिकत नाही. 'कंपनीत मंदी आहे म्हणून एमबीए' हे खोटं असलं तरी काकांपर्यंत सुखरूप जातं. म्हणून मुलगा थांबतो. प्लेसमेंट मिळाली की 'अनुभव घेऊन मग मास्टर्स' म्हणता येईल, नाही मिळाली की 'म्हणूनच मास्टर्स' म्हणता येईल. दोन्ही वाटा मास्टर्सलाच जातात, पण प्लेसमेंटचा निकाल लागेपर्यंत शीट पिवळीच. मुलींच्या बाबतीत तर गंमत आणखी गडद. तिकडे घरातही एक बघणं समांतर चाललेलं असतं. तिने 'मास्टर्सचं बघतेय' म्हणायचं थांबवलं रे थांबवलं की घरचे 'स्थळाचं बघतोय' सुरू करतात. तिच्या तोंडी हे वाक्य चालढकलीचं नाही, तटबंदीचं आहे.

सांगण्याजोगं कारण जवळ असलं की काय होतं याचा दाखला जुना आहे. आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकायला अमेरिकेला निघाल्या त्या १८८३ साली. वय अठराच्या आसपास, आणि टीका करायला अख्खा समाज तयार. त्यांनी जाण्याआधी बंगालमध्ये सेरामपूरला जाहीर सभेत उभं राहून लोकांचे प्रश्न एकेक करून घेतले आणि एकेकाला उत्तर दिलं : अमेरिकेलाच का, इथे शिकता येत नाही का, एकटी कशी जाणार, जातीबाहेर टाकलं तर काय. बुफेच्या रांगेतले झाडून सगळे काका एकाच सभागृहात बसवून एकदाच निकालात काढले म्हणायचे. तीन वर्षांनी, १८८६ साली, त्या डॉक्टर झाल्या. आज सभागृह मिळायला अडचण नाही. चाळीस ओळींच्या शीटमधल्या कुठल्या ओळीसाठी भाषण करायचं, इथे गाडी थांबते.

यावर वडीलधारी मंडळी म्हणतील, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. नव्हतं हे खरं. पण त्या वेळच्या क्रियापदाकडे बघा. तेव्हाची माणसं 'लागायची'. अमका बँकेत लागला, तमका पोस्टात लागला, धाकटा गोदीत चिकटला. डिंकाबद्दल बोलावं तसं बोलायचे. लागण्यात आणि चिकटण्यात निर्णय कुठे येतो? जाहिरात आली, अर्ज केला, बोलावणं आलं, चिकटले, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी सरकारने सोडवून काढलं. ज्याच्यापुढे एकच ताट आहे त्याने निवडीला उशीर केला नाही म्हणून त्याचं कौतुक करणं जरा जास्त होतं. उलट जिथे या पिढीला खरोखर निवड होती, म्हणजे दिवाणखान्याला कुठला रंग द्यायचा, तिथे तीन दिवाळ्या कशा गेल्या हे घरोघरी ठाऊक आहे.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. थांबणं कधी कधी शहाणपणाचंच नसतं का? असतं. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या आणि निकाल महिनोन् महिने लांबले. ४५ दिवसांत निकाल लावायचा कायदा आहे, पण कायद्याची उत्तरपत्रिकाही बहुधा त्याच संगणकात अडकली असावी. त्या वर्षी हातात गुणपत्रिका नाही म्हणून ज्यांचे पुढचे प्रवेश हुकले, त्यांना चालढकल्ये म्हणणं पाप आहे. कुलगुरूंना अखेर पद सोडावं लागलं, पोरांची वर्षं मात्र कुणी भरून दिली नाहीत. तसंच राज्यसेवेची पूर्वपरीक्षा : ती ५ एप्रिल २०२० ला व्हायची होती, पुढे ढकलत ढकलत १४ मार्च २०२१ वर आली, आणि तीन दिवस आधी पुन्हा पुढे गेली तेव्हा पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले. शेवटी २१ मार्चला झाली. इथे विद्यार्थी बिचारे तयार होते, तारीखच बघत होती. पैशाचंही तेच. मुरूड तालुक्यातल्या मुलाला एम.एस्सी. करायचं तर रोज अलिबागची एसटी की पनवेलला खोली, हा हिशेब त्याच्या घरी चालतो. शनिवार-रविवारी तो काशीदच्या टपरीवर लिंबूसरबत विकत असेल, तर त्याचं थांबणं वेगळं आहे आणि या लेखाची थट्टा त्याच्या वाटेला जाऊ नये. माझी कसोटी साधी आहे. ज्याची वाट बघतोय ते कळल्यावर निर्णय बदलणार आहे का? बदलणार असेल तर वाट बघणं हा व्यवहार. बदलणार नसेल तर ते हवाईचे पाच डॉलर.

आणि ते भरायची सोय आपल्या व्यवस्थेने फार प्रेमाने करून ठेवली आहे. आयआयटीत एम.टेक.ला जागा मिळाली की ती स्वीकारायचं एक सामाईक पोर्टल आहे. त्यात फेरीगणिक तीन पर्याय येतात : 'ॲक्सेप्ट अँड फ्रीझ', 'रिटेन अँड वेट', 'रिजेक्ट अँड वेट'. तीनपैकी दोहोंत थांबणंच आहे. हातातलं धरून थांबा किंवा सोडून थांबा, पण थांबा. घरी ज्याला लटकणं म्हणतात त्याला तिथे बटण आहे. परीक्षांच्या गुणांचंही तसंच. जीआरईचे गुण पाच वर्षं चालतात, गेटचे तीन, परदेशासाठीच्या इंग्रजीच्या परीक्षेचे दोन, कॅटचे एकच. म्हणजे जीआरई हे लोणचं आहे आणि कॅट हे दही. बरणीत पाच वर्षं टिकणारी वस्तू आजच संपवायची घाई कुणाला असणार? त्यातून नवं शैक्षणिक धोरण आलं. महाराष्ट्रात ते स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत त्यापुढच्या वर्षापासून पदवीला लागू झालं. आता तीन वर्षांनी बाहेर पडून दोन वर्षांचं मास्टर्स करा, नाहीतर चौथं वर्ष थांबून एका वर्षात करा. तीन अधिक दोन पाच, चार अधिक एक पाच. कुठूनही मोजा, हवाईच. पण 'चौथ्याला थांबू की नको' हा नवाकोरा प्रश्न मिळाल्यामुळे तिसऱ्या वर्षाचं पोर आता दोन गोष्टींचं बघू शकतं. या सगळ्यावर कळस म्हणजे सूचनाफलकावरचा तो लाडका शब्द, 'मुदतवाढ'. अंतिम तारीख, वाढीव अंतिम तारीख आणि विलंब शुल्कासह अंतिम तारीख अशा तीन भावंडांच्या घरात वाढलेल्या मुलाला थोरल्या भावाचा धाक कसा वाटावा?

गमतीची गोष्ट अशी की ज्या समुद्राकडे जायचं लांबणीवर पडत असतं, तोही रोज उशीर करतो. भरती दर दिवशी पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. पण त्याच्या उशिराला हिशेब आहे. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचं गणित आहे की तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पंचांग असलं की पुरे, ॲप लागत नाही. पोरांच्या काशीदला असं सूत्र नाही. आणि चुकून निघालेच, तरी पुढचा अर्धा प्लॅन वाटेत गळतो. प्रत्येक ग्रुपमध्ये 'काशीद करून जंजिरा' असं ठरलेलं असतं. शिवाजी महाराजांनी त्या जंजिऱ्यासमोर समुद्रात पद्मदुर्ग उभारला, संभाजी महाराजांनी १६८२ साली खाडीत दगड टाकून सेतू बांधायला घेतला, तरी सिद्दीचा किल्ला पडला नाही. ग्रुपलाही तो पडत नाही, पण त्याचं कारण सिद्दी नसतो. सकाळी सहाला निघायचं म्हणून साडेनऊला निघालेली गाडी वडखळला अडकते, दोन वाजता काशीदला पोचते, सुरूखालच्या झोपाळ्यात एकजण 'पाच मिनिटं' म्हणून आडवा होतो, आणि डोळे उघडतात तोवर राजपुरीहून किल्ल्याला जाणाऱ्या होड्या बंद झालेल्या असतात. अख्ख्या किनाऱ्यावर एकच तारीख अशी आहे जिला मुदतवाढ नाही, ती म्हणजे जीवरक्षकाची शिट्टी. काशीदचा उतार फसवा आहे, तिथे 'अजून एक लाट' हे वाक्य बोलू नये.

मग जे ग्रुप खरोखर जातात, ते जातात कसे? पोरं सुधारतात म्हणून मुळीच नाही. कुणीतरी एकजण, बहुधा ग्रुपमधली कमी बोलणारी मुलगी, कुणाला न विचारता घरगुती खोलीचा ॲडव्हान्स भरून टाकते आणि पावतीचा फोटो ग्रुपवर टाकते. ॲडव्हान्स परत मिळत नाही. इथे हवाईचा प्रयोग उलटा होतो. तिकडे पैसे भरून थांबण्याची सोय विकत घेतली, इकडे पैसे भरून जाण्याचं कारण विकत घेतलं. 'पैसे भरलेत आता' हे कारण आईला सांगता येतं, मावशीला कळतं, आणि काकांच्या तर काळजाला भिडतं. कौतुक वाटतं ते किनाऱ्यावरच्या खोल्या चालवणाऱ्या काकूंचं. मानसशास्त्राचा एकही शोधनिबंध न वाचता त्यांनी हा उपाय शोधून काढला आहे. विद्यापीठांनीही अर्जाची फी परत न देण्याची चाल ठेवलेली आहेच, फक्त त्यांना काकूंसारखा फोन करता येत नाही. काकूंचा फोन आदल्या रात्री येतो.

"उद्या किती जण येताय?"

"सात-आठ, काकू."

"सात का आठ?"

"म्हणजे एकाचं अजून ठरत नाहीये. त्याचा उद्या निकाल आहे."

"पास झाला तर येणार का नापास झाला तर?"

"दोन्हीत येईल बहुतेक."

"मग आठ धरते. सुरमई सकाळी घ्यायला लागते, नंतर मिळत नाही."

"एक मिनिट काकू, बघून सांगतो."